अडलेलं मूल आणि ‘थोडं थांबून बघू’

तिसरीतल्या एका मुलाच्या वहीत लिहिलंय : ५२ − २७ = ३५. उत्तर चुकलंय, लाल फुली मारायला क्षणभरही लागत नाही. पण त्याच पानावर खाली ६४ − ३८ = ३४ आहे आणि ७१ − २६ = ५५. तिन्ही एकत्र पाहिली की लक्षात येतं, मूल अंदाजपंचे काहीही लिहीत नाहीये. ते एक नियम पाळतंय. एककाच्या घरात असो की दशकाच्या, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. कोणता अंक वर आहे आणि कोणता खाली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

या मुलाला ‘नीट लक्ष दे’ म्हणून उपयोग नाही, कारण ते लक्ष देऊनच चुकतंय. आणखी वीस वजाबाक्या दिल्या तर चुकीचा नियम आणखी वीस वेळा घोटला जाईल. त्याला कळलेलं नाही ते एवढंच, की एक दशक सुटं केलं की दहा एकक मिळतात. दहा-दहा काड्यांच्या जुड्या हातात देऊन, त्यातली एक जुडी त्याला स्वतः सोडायला लावली, तर ही गाठ बऱ्याचदा दोन-चार बैठकांत सुटते. मात्र कुणीच ती पाहिली नाही, तर पुढे भागाकार येतो. भागाकाराच्या प्रत्येक पायरीत एक वजाबाकी असते. मग घरात सगळे म्हणतात, याला भागाकार जमत नाही. आणखी वर्षभराने म्हणतात, याला गणितच जमत नाही.

मुलाला लवकर मदत करा असं मी कळकळीने सांगते, ते या कारणासाठी. सुरुवातीला अडचण लहान असते आणि तिला नाव असतं. वेळ गेला की ती पसरते आणि तिचं नाव हरवतं. उरतो तो फक्त ‘अभ्यासात कच्चा’ हा शिक्का.

मागे पडणं वाढतच का जातं

‘मोठा झाला की येईल आपोआप’ हे वाक्य प्रेमापोटीच बोललं जातं, आणि चालण्या-बोलण्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही ठरतं. पण वाचन तसं नाही. माणसाचा मेंदू बोलायला जन्मतःच सज्ज असतो, वाचायला नाही. अक्षर आणि आवाज यांची सांगड कुणीतरी शिकवावी लागते, आणि ती बसली नाही तर वय वाढल्याने बसत नाही.

अमेरिकेतल्या संशोधक कॉनी जूएल यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५४ मुलांच्या वाचनाचा पहिलीपासून चौथीपर्यंत त्यांनी माग ठेवला होता. पहिलीच्या अखेरीस जे मूल वाचनात कच्चं होतं, ते चौथीच्या अखेरीसही कच्चंच असण्याची शक्यता ०.८८ निघाली. म्हणजे अशा १०० मुलांपैकी ८८. मुलं लहान गटातली होती, एकाच शाळेच्या परिसरातली होती, त्यामुळे हा आकडा जगातल्या प्रत्येक वर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘आपोआप येईल’ या भरवशाला तो चांगलाच हादरा देतो.

यामागचं कारण मानसशास्त्रज्ञ किथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये मांडलं. ज्याला वाचता येतं त्याला वाचावंसं वाटतं, वाचल्याने शब्द वाढतात, शब्द वाढले की पुढचं वाचन सोपं होतं. ज्याला वाचताना त्रास होतो तो वाचन टाळतो, शब्द वाढत नाहीत, आणि पुढचा धडा आणखी जड जातो. पैशाकडे पैसा जावा तसं हे चालतं. दोन मुलांमधलं अंतर सुरुवातीला बोटभर असतं, नंतर ते हातभर होतं, आणि तोवर दोघांपैकी कुणाची बुद्धी कमी-जास्त झालेली नसते.

याला आणखी एक बाजू आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतील अशा गोष्टी अगदी मोजक्या असतात. ज्या मुलाला अक्षर-अक्षर जुळवावं लागतं, त्याची सगळी शक्ती त्या जुळवणीतच संपते. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ‘वाचलंस ना आत्ता? मग सांग काय वाचलं’ असं विचारलं की ते गप्प राहतं, आणि आपल्याला वाटतं त्याला कळलं नाही. कळण्यासाठी डोक्यात जागाच उरलेली नव्हती. गणितात पाढे किंवा साध्या बेरजा बोटं मोजून कराव्या लागणाऱ्या मुलाचं असंच होतं. शाब्दिक उदाहरणात नेमकं काय विचारलंय याचा विचार करायला त्याच्यापाशी काही शिल्लक राहत नाही.

तिसरी-चौथीच्या सुमारास तर शाळेचं रूपच बदलतं. तोवर मूल वाचायला शिकत असतं, त्यानंतर वाचून शिकायचं असतं. इतिहास, विज्ञान, भूगोल, सगळं छापील पानातून येऊ लागतं. वाचनातली एक जुनी अडचण तिथे अचानक चार विषयांत दिसायला लागते.

मदत कधी मिळाली यानेही फरक पडतो. मॉरीन लव्हेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात पहिली-दुसरीत मदत मिळालेल्या मुलांनी वाचनाच्या पायाभूत कौशल्यांत तिसरीत तीच मदत मिळालेल्या मुलांच्या जवळपास दुप्पट प्रगती केली. मोठ्या मुलांसाठी वेळ निघून गेली, असा याचा अर्थ अजिबात नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षीही मुलं वाचायला शिकतात. त्यांना जास्त तास लागतात, जास्त धीर लागतो, एवढंच.

कुठे अडलंय ते कसं ओळखायचं

‘अभ्यासात मागे आहे’ याला निदान म्हणता येत नाही. ताप आहे म्हणण्यासारखंच ते आहे.

वाचनापासून सुरुवात करा. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले ती भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. त्यामुळे अडचण कोणत्या बाजूला आहे हे आधी वेगळं करायला हवं, आणि ते घरच्या घरी बऱ्यापैकी करता येतं.

मुलाने आधी न पाहिलेला एक परिच्छेद घ्या. पाठ्यपुस्तकातला नको, कारण वर्गात वारंवार ऐकून धडे तोंडपाठ झालेले असतात आणि मूल पानाकडे बघत चक्क आठवणीतून ‘वाचतं’. कितीतरी पालक इथेच फसतात. तो परिच्छेद त्याला मोठ्याने वाचायला सांगा. मग त्याच पातळीचा दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावर दोन-चार प्रश्न विचारा. तुम्ही वाचलेलं त्याला छान समजतं पण स्वतः वाचताना ते अडखळतं, तर अडचण अक्षरांत आहे. स्वतः भराभर वाचतं पण दोन्ही परिच्छेदांचा अर्थ सांगता येत नाही, तर अडचण भाषेत आहे, शब्दांत आहे. शाळेची भाषा घरी बोलली जात नसेल तर असं हमखास होतं. अशा मुलाला अक्षरओळखीचे तक्ते देणं म्हणजे पोटदुखीवर डोळ्यांचे थेंब. त्याला हवंय भरपूर ऐकणं, बोलणं, गोष्टी आणि नवे शब्द.

अक्षरांतली अडचणही एकसारखी नसते. आपल्या लिपीचे स्वतःचे काही खाचखळगे आहेत. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, उच्चारताना नंतर. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांत तोच क, तोच र, तोच म, पण र एकदा अक्षराच्या पोटात जातो आणि एकदा डोक्यावर बसतो. ‘कमळ’ लिहिताना तिन्ही अक्षरं पूर्ण लिहायची, पण शेवटच्या ळमधला अ मात्र म्हणायचा नाही, हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. ते ऐकून ऐकून उमगावं लागतं. त्यामुळे मूल साध्या अक्षरांवर अडतंय, काना-मात्रेवर अडतंय की जोडाक्षरांवर, हे बघा आणि लिहून ठेवा. मूळाक्षरं व बाराखडी पक्की असलेल्या मुलाला पुन्हा अ-आ-इपासून सुरू करायला लावलं तर त्याचा अपमान होतो आणि वेळही जातो.

गणितात एकच प्रश्न सगळ्यांत जास्त उघड करतो : ‘हे तू कसं केलंस, मला सांग ना.’ उत्तर बरोबर असलं तरी विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं की मुलाला लगेच कळतं आणि ते खोडरबर उचलतं. लहान मुलांत आणखी एक गोष्ट तपासा. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र आधी २ आणि मग ७. एकोणतीस तर तीसला एक कमी, पण लिहायचे २ आणि ९. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणाऱ्या मुलाला संख्या कळत नाही असं समजू नका. त्याने ऐकलं तसंच लिहिलंय. त्याला दशक-एककाचा आधार हवा आहे.

थोड्या मोठ्या मुलांत अपूर्णांकांकडे बारकाईने पाहा. १/४ मोठा की १/३, असं विचारलं की ‘४ मोठे, म्हणून १/४’ हे उत्तर फार मुलं देतात. रॉबर्ट सीगलर यांच्या २०१२ च्या अभ्यासात दहा वर्षांच्या आसपासची अपूर्णांक आणि भागाकाराची समज पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताशी घट्ट जोडलेली दिसली. बुद्धिमापन आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. नववी-दहावीत बीजगणितासाठी धावाधाव करणाऱ्या कितीतरी मुलांची खरी अडचण पाचवीतल्या एका पानावर असते.

अभ्यासाआधी शरीर

हे पालक विसरतात आणि शिक्षकही. मुलाचे डोळे आणि कान आधी तपासून घ्या. ज्याला फळा कधीच स्पष्ट दिसलेला नाही, त्याला तो अस्पष्ट दिसतोय हे माहीत नसतं. सर्वांना असंच दिसतं, अशी त्याची समजूत असते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं, तेही कधी कमी कधी जास्त, त्यामुळे ‘हवं तेव्हा बरोबर ऐकतो’ असं घरी वाटत राहतं. लोहाची कमतरता असेल तर मूल थकलेलं, मंदावलेलं दिसतं. क्षणभर टक लावून हरवल्यासारखं बसणं आणि हाक मारली तरी त्या काही सेकंदांत ओ न देणं वारंवार होत असेल, तर तो फिटचा (अपस्माराचा) एक प्रकारचा झटका असू शकतो. डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. अभ्यास वाढवण्यासाठी झोपेतून तास कापणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

शाळेत कुणी त्रास देतंय का, घरात काही घडलंय का, हेही याच टप्प्यावर हळुवारपणे विचारायचं. चांगलं चाललेलं मूल अचानक घसरलं तर आधी इकडे बघा. पहिल्यापासून हळूहळू मागे राहिलं असेल तर अडचण बहुतेक शिकण्यातली असते.

शाळेशी बोलताना

पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नका. वेगळी वेळ मागा आणि वह्या सोबत न्या. ‘कसं चाललंय त्याचं?’ असं विचारलं की ‘ठीक आहे, थोडं लक्ष कमी आहे’ असं उत्तर मिळतं आणि भेट संपते. त्याऐवजी विचारा : ‘वर्गातल्या बाकीच्या मुलांना जमतं पण त्याला जमत नाही, असं नेमकं काय आहे? हे तुमच्या लक्षात कधी आलं? त्यावर आठवड्यातून किती वेळा, कोण, काय करू शकेल? आणि फरक पडला की नाही हे आपण कधी बघायचं?’ शेवटच्या प्रश्नाची तारीख ठरवूनच उठा. नंतर जे ठरलं ते चार ओळींत लिहून शिक्षकांना पाठवा. यात अविश्वास नाही. चाळीस मुलांच्या वर्गात तुमचं मूल लक्षात राहावं, एवढीच सोय.

माझ्या ओळखीच्या एका आईला दोन वर्षं ‘काळजी करू नका’ एवढंच ऐकायला मिळालं. ती बिचारी काळजी न करण्याचा प्रयत्न करत राहिली. मला आजही वाटतं, पालकाला रोज बाजूला बसून जे दिसतं ते मोलाचं असतं. ते बोलून दाखवायला लाजू नये.

मदत कशी असते

मदत म्हणजे जास्त तास, अशी आपली ठाम समजूत आहे. मूल वर्गात ज्या वेगाने, ज्या पद्धतीने शिकवलेलं समजू शकलं नाही, तेच त्याच वेगाने संध्याकाळी तीस मुलांच्या शिकवणीत पुन्हा ऐकतं. त्याचं न समजणं आता दोनदा होतं.

उपयोगी मदत चार गोष्टींवरून ओळखू येते. ती मूल जिथे आहे तिथून सुरू होते, इयत्ता जिथे आहे तिथून नव्हे. पाचवीतलं मूल दुसरीच्या पातळीचं वाचत असेल तर सुरुवात दुसरीच्या पातळीने, मात्र विषय पाचवीतल्या मुलाला आवडेल असा. दुसरं, ती थोडी-थोडी पण वारंवार असते. रविवारी सलग तीन तासांपेक्षा आठवड्यातून तीन-चारदा अर्धा-अर्धा तास केव्हाही चांगला. तिसरं, एका वेळी एक किंवा दोन-तीनच मुलं, आणि शिकवणारी व्यक्ती शक्यतो तीच. २०२० मध्ये ९६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अशा वैयक्तिक शिकवण्याचा परिणाम बऱ्यापैकी मोठा आणि सातत्याने दिसला, विशेषतः आठवड्यातून अनेकदा आणि शाळेच्या वेळात झालेल्या शिकवण्याचा. चौथी गोष्ट म्हणजे मोजमाप, तिच्याकडे मी खाली येते.

अर्ध्या तासात काय करायचं? कालचं आज न बघता आठवायला लावा. वाचून दाखवणं, समजावणं, पुन्हा समजावणं यापेक्षा डोक्यातून बाहेर काढायला लावणं जास्त टिकतं. मग एकच नवी गोष्ट. आधी तुम्ही करून दाखवा, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने. चूक झाली तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता दुरुस्त करा. शेवटी त्याला नक्की जमणारं काहीतरी असू द्या, म्हणजे उद्या बसताना आठवण चांगली असेल. दहापैकी आठ-नऊ उत्तरं बरोबर येत असतील तर पातळी योग्य आहे. निम्मी चुकत असतील तर आणखी एक पायरी खाली उतरा.

आणि गृहपाठ तुम्ही करून देऊ नका. वही स्वच्छ दिसते, पण शिक्षकांना अडचण दिसायची एकमेव खिडकी त्यामुळे बंद होते.

आता मोजमाप. सुरुवातीच्या दिवशी एक साधी नोंद करा : अनोळखी मजकुरातले एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, किंवा हातच्याच्या दहा वजाबाक्यांपैकी किती बरोबर आल्या. दर आठवड्याला तेच, त्याच पातळीवर, कागदावर मांडा. सहा ते आठ आठवड्यांत रेघ वर चढायला लागली तर चालू ठेवा. आडवीच राहिली तर पद्धत बदला. मूल नापास झालं, असा त्याचा अर्थ लावायचा नाही. त्या पद्धतीने काम केलं नाही, एवढंच.

तज्ज्ञ केव्हा

नेमकी मदत नियमित मिळूनही रेघ हलत नसेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचनाचा असाच त्रास झाला असेल, तर सविस्तर चाचणी करून घ्यायलाच हवी. डिस्लेक्सियामध्ये अडचण असते ती शब्दातले आवाज वेगळे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात. बुद्धीशी तिचा संबंध नाही, डोळ्यांशीही नाही. अक्षरं उलटी लिहिणं सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत दिसतं, तेवढ्यावरून घाबरू नका. संख्यांच्या बाबतीत अशीच अडचण असते तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. लक्ष एका जागी न टिकणं ही आणखी वेगळी गोष्ट, आणि ती यांपैकी एखादीसोबत असू शकते. रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया जातो असं कुणी सांगितलं तर पैसे खर्च करू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे स्पष्ट केलं आहे की त्याला पुरेसा पुरावा नाही.

चाचणीची तारीख मिळायला महिने लागू शकतात. त्या काळात अर्धा तास चालूच ठेवा. अक्षर-आवाजाची पद्धतशीर, पायरीपायरीची शिकवण डिस्लेक्सिया निघाला तरी लागणारच असते, आणि नाही निघाला तरी तिने नुकसान होत नाही. अहवाल येईपर्यंत हात बांधून बसण्यात एक अख्खं सत्र जातं, आणि सातव्या वर्षीचं एक सत्र फार मोठं असतं.

मुलाला काय सांगायचं

आपण मागे आहोत हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं. पोटात दुखतंय, पेन्सिल सापडत नाही, तहान लागली, मध्येच विदूषकगिरी, ही सगळी त्याची लपायची ठिकाणं. ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘खोडकर’ ठरणं त्याला परवडतं. म्हणून अडचणीचं नाव त्याला सांगा, लहान आणि नेमकं. ‘तुला जोडाक्षरं अजून कुणी नीट शिकवलेली नाहीत. ती आपण शिकतोय. साधे शब्द तुला छान येतात, हे बघ.’ भावंडाशी तुलना नको, आणि ‘तू हुशार आहेस रे’ असंही सारखं नको, कारण पुढच्या चुकीला ते वाक्य त्याच्यावरच उलटतं. त्याने काय केलं ते सांगा : ‘आज “क्रम” वाचताना तू थांबलास, परत बघितलंस आणि स्वतःच सुधारलंस.’

मदत बंद कधी करायची, हेही ठरवून ठेवा. वर्गातल्या पातळीला पोचल्यावर लगेच सोडू नका. आठवड्यातून एकदा करा, मग पंधरा दिवसांतून एकदा. महिन्याभराने एक नवीन परिच्छेद आणि हातच्याच्या दहा वजाबाक्या पुन्हा समोर ठेवा. सुरुवातीच्या दिवशीचा कागद जपून ठेवला असेल, तर तोही त्या दिवशी बाहेर काढून मुलाच्या हातात द्या.